राखेनं घासलेलं नाणं

रायपूर राजधानी झालं तेव्हा चौबे कॉलोनीत जो तो प्लॉटच्या भावाचं बोलायचा. आमचे शेजारी, रेल्वेतले बाबू, मात्र हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडचं बोलायचे. तिथल्या अँग्लो-सॅक्सन राजांची चांदीची नाणी जमवायचा त्यांना नाद होता. जमली होती तीनच. पाहायला गेलं की आधी हात धुवायला लावायचे, पुसायला स्वतःचा रुमाल द्यायचे आणि तरी नाणं हातात देत नसत. "दुरूनच पाहा भैया. अन् श्वास जरा तिकडे सोडा."

त्यांचं लाडकं नाणं काळं पडलेलं होतं आणि त्यावर चाकूची टोच होती. समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंना राजा चांदी देऊन परत पाठवायचा. त्यातल्याच कुणी ती खरी का, हे टोचून पाहिलं असावं. "हा काळेपणा हजार वर्षांचा आहे. हा गेला का नाणं मेलं समजा."

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यांच्याकडे गेलो, तर चौरंगावर ते नाणं लखलखत होतं. वहिनींनी पूजेच्या भांड्यांसोबत राखेनं घासून काढलं होतं. "पाहा नं भाऊजी, किती मळलं होतं!"

"हव, मस्त निघालं," बाबू म्हणाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काहून काही बोलले नाही?"

ते रुमालाची घडी घालत राहिले. "लुटारूनं त्याले चाकू टोचला, मी डबीत कोंडलं. हळदकुंकू हिनंच वाहिलं नं, भैया."

मग आत जाऊन त्यांनी उरलेली दोन काळी नाणी आणली आणि चौरंगावर त्या नाण्याच्या शेजारी ठेवली. हात धुवायचं त्यांना सुचलं नाही.