मिस ट्रेंबाथच्या वहीतली रिकामी जागा

हार्कर्स रीफच्या दफनभूमीत मी एकतीस वर्षं कबरी खणल्या. त्यातली पहिली चौदा मिस हेस्टर ट्रेंबाथच्या हाताखाली. बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. गावात कोण कुठे पुरलंय हे सांगू शकणारं माणूस म्हणजे त्याच.

जुनी नोंदवही १९१२ साली टाउन हॉलबरोबर जळाली. सोन्याच्या खाणींवर आलेली अर्धी माणसं त्या वहीतच होती. त्यांच्या कबरींवर लाकडी फळ्या होत्या, त्याही केव्हाच वाळवीने खाल्ल्या. पुढे पोस्टात असताना बाईंनी नवी वही करायला घेतली. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन विचारलं, जुनी वर्तमानपत्रं चाळली, पाथरवटाच्या पावत्या उतरवून घेतल्या. एकोणीस वर्षांत आठशेच्या वर नावं जमली. उरलेल्या जागांपुढे त्या ‘रिकामी’ असं लिहीत.

१९६६च्या हिवाळ्यात त्यांच्याकडून दोन भावांच्या कबरींची अदलाबदल झाली. कुणी त्यांना दोष दिला नाही, दगड बदलून झाले. पण तेव्हापासून बाईंचा स्वतःवरचा विश्वास उडाला. एकच नोंद तीन-तीनदा बघायच्या. मी खणायला लागलो की कडेला उभ्या राहून माझ्या प्रत्येक फावड्याबरोबर श्वास रोखायच्या. एकदा मला म्हणाल्या, “लेस, माझं डोकं चालेनासं झालं तर तू मला सांगशील ना?” मी सांगेन म्हणालो.

पुढच्या वर्षी मेव्हिस क्वेनेल वारली. तिचा नवरा आर्च लाकडाच्या गिरणीत होता, चौसष्ट वर्षांचा, तोंडाने फटकळ. त्याला मेव्हिससाठी आपल्या आईशेजारची जागा हवी होती. बाईंनी वही उघडली. तिथे ‘रिकामी’ लिहिलेलं होतं, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी हो म्हटलं. दफन शनिवारी अकराला ठरलं.

गुरुवारी सकाळी बाई माझ्या दारात. रात्रभर झोप नव्हती. ‘रिकामी’ कशावरून लिहिलं तेच त्यांना आठवत नव्हतं. आम्ही लोखंडी सळई घेऊन गेलो. आमच्याकडची माती गारगोट्यांनी भरलेली, कधी न खणलेली जमीन सळईला फूटभरही आत घेत नाही. इथे ती तीन फूट सरळ गेली. इकडेतिकडे टोचून पाहिलं. मऊ तुकडा जेमतेम दोन फुटांचा होता, आईच्या कबरीला अगदी लागून.

“चाचणीचा खड्डा असेल,” मी म्हणालो. ते अशक्यही नव्हतं. सोन्यापायी लोकांनी गावात वीतभर जमीन खणायची सोडली नव्हती, दफनभूमीला कुंपण घालायच्या आधी इथेसुद्धा.

“आणि नसेल तर?” बाईंनी विचारलं.

त्या सरळ आर्चकडे गेल्या. मी मागोमाग. आर्चने ऐकून घेतलं आणि भडकला. मंगळवारी एक सांगता, गुरुवारी दुसरंच, बायको दोन दिवस थंडगार खोलीत पडलीय, आता पाद्रीला काय सांगू, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, “तुम्हाला झेपत नसेल तर वही दुसऱ्या कुणाला देऊन टाका ना.”

बाईंनी मान खाली घातली. “देईन,” त्या म्हणाल्या. “पण हे बघितल्याशिवाय तिथे खणू देणार नाही.”

शुक्रवारी मी खुरप्याने, हाताने माती काढत गेलो. बाई गुडघ्यांवर बसून प्रत्येक ढेकूळ फोडून बघत होत्या. आर्चही आला, पण लांब कुंपणाला टेकून उभा राहिला. तीन फुटांवर फळी लागली, कुजलेली. तिच्यावर मेणबत्त्यांच्या कारखान्याचा अर्धवट छाप होता. खाणीत मेणबत्त्या यायच्या तसली पेटी. मी फळी जराशी उचलली, आत पाहिलं आणि परत ठेवली. बाईंना सांगावं लागलं नाही.

आर्च कधी जवळ आला कळलं नाही. तो त्या छापाकडे बघत राहिला. मग टोपी काढली.

“बापाची आहे ही,” तो म्हणाला. “तो हिच्यात खिळे ठेवायचा. मी सहा वर्षांचा होतो. मला आठवडाभर मावशीकडे पाठवलं, बाळ येणार म्हणून. परत आलो तर बाळ नव्हतं. खिळे फडक्यात बांधून ठेवलेले. मी विचारलं नाही.”

जन्मतःच गेलेल्या, बाप्तिस्मा न झालेल्या मुलांना त्या काळी पाद्री इथे घेत नसत. बापानं गुपचूप पुरलं असणार, आणि बावीस वर्षांनी मरताना आईनं स्वतःसाठी शेजारचीच जागा मागून घेतली असणार.

“हात लावू नकोस माझ्या बहिणीला,” आर्च मला म्हणाला. मुलगीच होती हे त्याला कुठून कळलं, देव जाणे. “मेव्हिसचा खड्डा जरा पलीकडे घे. आम्हाला काही मूलबाळ झालं नाही. असू दे मध्ये.”

शनिवारी अकराला मेव्हिसला तिथेच ठेवलं. आर्चने बाईंची माफीबिफी मागितली नाही, पण चहाच्या वेळी त्यांच्या शेजारी बसला आणि वहीबद्दल पुन्हा बोलला नाही.

मला वाटलं, आता तरी बाई निवांत होतील. दुपारीच त्यांनी मला गाठलं. चेहरा आदल्या दिवसापेक्षा उतरलेला.

“बाकीच्या जागांचं काय, लेस? मी एकशे त्रेचाळीस ठिकाणी ‘रिकामी’ लिहिलंय.”

सोमवारी आम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तीन हिवाळे लागले. आणखी अकरा जण सापडले. दोघांची नावं कळली, नऊ जणांची अजून कुणालाच ठाऊक नाहीत.