पदक कुणाच्या नावावर?

एका कंपनीत अठरा वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी हमखास जमतात: कंबरदुखी आणि किस्से. कंबरेला मलम तरी मिळतं. किस्से मात्र सांगूनच मोकळं व्हावं लागतं. आमच्या चाकणच्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमधले निम्मे किस्से गोरेनानांचे, आणि यंदाचे तर सगळेच पदकांचे.

ऑलिंपिक सुरू झालं की नाना कँटीनच्या पांढऱ्या बोर्डावर रोज पदकांचं टेबल लिहितात, वरून थेट भारतापर्यंत. खरं तर तो बोर्ड मेनूसाठी आहे. त्या पंधरवड्यात भाजी कुठली, हे ताटात पडल्यावरच कळतं.

*

पहिल्याच आठवड्यात नानांचं टेबलाशी बिनसलं. एकच सुवर्ण मिळवलेला कुठलासा देश वर, आणि रौप्य-ब्राँझ मिळून चार-पाच पदकं आणलेले आपण कितीतरी खाली! मी त्यांना नियम समजावला, की आधी फक्त सोनं मोजतात, ते सारखं निघालं तरच चांदी बघतात.

नानांचं घराणं इथलंच, कांदा पिकवणारं. ते म्हणाले, "वरचा एक कांदा बघून कुनी अख्ख्या गोणीचा भाव ठरवला, तर बाजारात मारामारी व्हईल." त्या दिवसापासून ते शेजारी 'एकूण' असा स्वतःचा रकाना काढू लागले.

*

आमचे क्वालिटीचे एक इंजिनियर जेवताना विनोद करायला लागले. रौप्य म्हणजे रिवर्क, ब्राँझ म्हणजे रिजेक्ट, आणि चौथा आलेला थेट भंगारात. पोरं हसली.

पलीकडे पॅकिंगच्या मंगलताई डबा खात होत्या. बीडकडच्या, नऊ वर्षं आमच्याकडे, पण ठेकेदारामार्फत. शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत धावलेल्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "साहेब, तुमी जगात कितवे?"

साहेबांनी उरलेला भात गुपचूप संपवला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

*

त्याच दिवसांत परदेशी पाहुणे ऑडिटला यायचे होते. त्यांचा देश टेबलात पार वर. एचआरच्या साहेबांनी फर्मान काढलं की बोर्ड पुसा, पाहुण्यांसमोर शोभत नाही.

नानांनी पुसला. मग पुन्हा लिहिला, उलटा. भारत सगळ्यात वर, पाहुण्यांचा देश तळाला! पाहुणे बोर्डासमोर थबकले आणि त्यांनी हे काय म्हणून विचारलं. नाना म्हणाले, "आमी खालून मोजतो. पुढं चढायला लई जागा हाय."

एचआरच्या साहेबांनी त्याचं इंग्रजी केलं, की यांना खेळांची फार आवड आहे.

*

एक दिवस नाना मार्कर हातात घेऊन नुसतेच उभे. एका खेळाडूनं सुवर्ण जिंकलं होतं, पण त्याच्या देशावर बंदी. तो झेंड्याविना खेळलेला, त्यामुळे टेबलात त्याच्यासाठी ओळच नाही.

"मग त्ये सोनं गेलं कुठं?" नानांनी मला विचारलं. मी म्हटलं, त्याच्या गळ्यात आहे, फक्त मोजत नाहीत.

"मपल्या पदकाचंबी असंच हाय की, नाना," मंगलताई म्हणाल्या. या वेळी कुणी हसलं नाही.

*

कारण आमच्या कंपनीतही तेच चालतं. दरवर्षी एका गुरुवारी, म्हणजे आमच्या आठवडी सुट्टीला, क्रीडास्पर्धा होतात, आणि डिपार्टमेंटचे नंबर पदकांवरून, सोनं आधी धरून लावतात. ठेकेदाराच्या माणसांनी पळायला हरकत नाही, पदकही देतात, पण ते कुणाच्याच खात्यावर चढत नाही. मंगलताई तीन वर्षं चारशे मीटर जिंकत आल्या आणि टेबलात पॅकिंगपुढे तीन वर्षं भोपळा.

यंदा त्या एचआरच्या साहेबांना भेटल्या. पगारवाढ मागितली नाही, कायम नोकरीचं पत्र मागितलं नाही. माझं पदक पॅकिंगच्या नावावर लिहा, एवढंच म्हणाल्या. साहेबांनी सांगितलं, पर्मनंट नसलेल्यांना धरता येत नाही, नियमात बसत नाही. मला भयंकर संताप आला. नऊ वर्षं त्यांनी बांधलेली खोकी देशोदेशी जातात, ती बरी नियमात बसतात!

मंगलताई यंदाही पळाल्या. चारशे आणि आठशे, दोन्हींत पहिल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बोर्डावर नानांच्या अक्षरात निकाल होता. पहिला नंबर पॅकिंग, दोन सुवर्ण, मंगलताई. दुसरा प्रेस शॉप, एक सुवर्ण. प्रेस शॉपचे कॅप्टन खुद्द नाना, आणि साहेबांच्या यादीप्रमाणे पहिल्या नंबरची ढाल आम्हालाच मिळायची होती.

एचआरचे साहेब तरातरा आले. डस्टर उचलून त्यांनी बोर्ड पुसला. प्रेस शॉप गेलं, पेंट शॉप गेलं, सगळे गेले. पहिली ओळ तेवढी जाईना. त्यांनी पाण्याचं फडकं मागवलं. घासून घासून साहेबांना घाम फुटला. सगळं कँटीन हातातला घास तसाच धरून बघत होतं.

"नाना, कुठला मार्कर वापरलात हा?"

"पर्मनंट, साहेब."