चुना मारलेली भिंत

आमच्या चित्रकलेच्या सरांच्या तोंडी एकच शब्द: स्टुडिओ. कॉलेज बंद, वर्ग मोबाइलवर, तरी म्हणे "आपापला स्टुडिओ तयार करा"! नवागामच्या आमच्या एका खोलीत शेगडी, पलंग, पाण्याचे ड्रम आणि आम्ही तिघं. सरांच्या मागे मोठी खिडकी दिसायची, कुंड्या दिसायच्या. त्यांना काय जातंय बोलायला!

शेवटच्या परीक्षेला माणसाचं पूर्ण आकाराचं रेखाचित्र होतं. यात नापास झाले असते तर घरच्यांनी मला पुढे शिकवलंच नसतं. पण एवढा मोठा कागद आणू कुठून? मी भिंत घेतली. वडील रात्रपाळीला कापडाच्या लूमवर, दिवसा घरात झोपलेले. आयता मॉडेल! आठवडाभर खपून कोळशाने त्यांना भिंतीवर उतरवलं, उघड्या तोंडासकट, सुजलेल्या पायांसकट. इतकं चांगलं मी कॉलेजातही कधी काढलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या वर्गात नेटवर्क रडत होतं. सरांना मागे नुसता काळा गोंधळ दिसला. "अगं, काय ही भिंत! आणि झोपलंय कोण तिथे? हा स्टुडिओ आहे की धर्मशाळा? उद्या सगळं स्वच्छ पाहिजे!" मी सांगायला तोंड उघडलं आणि फोनच बंद पडला. तशीच दुरुस्तीवाल्याकडे पळाले.

परत आले तर भिंत पांढरीशुभ्र. घरी पाहुणे यायचे म्हटलं की आई चुना भिजवते, त्यात चिमूटभर नीळ घालते आणि भिंती रंगवून काढते. सरांचं बोलणं तिने ऐकलं होतं; भिंतीवरचं तेच परीक्षेचं काम, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

"तुना सर घर देखतीन ना?" ती म्हणाली. "आते कसं चांगलं दिखस!"

मी किंचाळले. वडील दचकून उठले आणि कूस बदलून पुन्हा झोपले. ओल्या चुन्यावर कोळसा काही केल्या धरेना.

दुसऱ्या दिवशी सर खूश. "वा! आता कसा स्टुडिओ वाटतो! चल, काम दाखव."

"सर, ते या भिंतीवरच होतं."

"बहाणे नकोत," ते म्हणाले. नापास केलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली. मेल्याने दुसरा प्रश्नसुद्धा विचारला नाही!

आई मोबाइलच्या मागे उभी होती; आज माझ्या कानात इअरफोन होते, सरांचं तिला काही ऐकू आलं नव्हतं. चुन्याने तिची बोटं फाटली होती. तिने हळूच विचारलं, "सर काय म्हनतस?"

"त्यासले भिंत आवडनी," मी सांगितलं.

ती लाजून हसली.