कोयरीचा फुगवटा

मुलीच्या केळवणाच्या निमंत्रणावर तिचा फोटो कोयरीच्या आकारात हवा, हा बायकोचा हट्ट. फोटो माझा आणि मुलीचा. त्यातली फक्त ती ठेवायची. कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये गोल आहे, चौकोन आहे, बदामसुद्धा आहे. कोयरी तेवढी नाही. ती आपली आपण वक्ररेषांनी काढायची.

रेषेवर ठिपका ठेवला की त्याला दोन कान फुटतात. एक ओढला की दुसराही हलतो. टोक जमलं की पोट सुटतं, पोट आवरलं की टोक मान टाकतं. सकाळपासून हेच चाललंय!

“अहो, हे वांगं झालंय,” बायको मागून डोकावली. “आणि तिच्या खांद्याशी फुगवटा कशाला? रेषा आत घ्या की.”

“घेतोय ना! ऐकत नाही मेली.”

ती स्वयंपाकघरात गेली. माणसं तरी कुठे ऐकतात? एकीकडून सरळ करायला जावं, तर दुसरीकडून रुसतात. वैतागून फोटो मोठा करून पाहिला. त्या फुगवट्यात माझा हात होता, तिच्या खांद्यावर ठेवलेला. बाकीचा मी केव्हाच रेषेबाहेर गेलो होतो.

“घेतली का आत?” बायकोने आतून विचारलं.

“नाही घेणार,” मी खेकसलो. “कोयरीला पोट असायचंच!”