वांग्याच्या भाजीवरची प्रार्थना

दुसऱ्या दिवशी पप्पांच्या तपासणीचा रिपोर्ट येणार होता. वारज्याच्या आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना मी करते. त्या दुपारी डोळे मिटून मी येशूकडे चांगला रिपोर्ट, चांगला डॉक्टर, सोपं ऑपरेशन, असं मागतच सुटले. मध्येच पप्पा मोठ्यांदा "आमेन" म्हणाले.

मी भडकलेच. "पप्पा, माझं संपलं नव्हतं!"

"उद्याचं त्याला ठाऊक आहे. समोरच्या वांग्याबद्दल मात्र तू चकार शब्द काढला नाहीस. गार होतंय ते."

त्यांनी भाकरी मोडली. रस्सा मनगटापर्यंत ओघळला, तोही त्यांनी चाटला. मी फुगून बघत बसले. बघता बघता राग कुठे गेला, कळलं नाही. त्यांनी आणखी भाजी मागितली. उरलेली प्रार्थना मी उघड्या डोळ्यांनी, त्यांना वाढता वाढता केली.