नाण्याएवढा सेल

हा छंद मला चाळिशीनंतर लागला. मुलीच्या जुन्या सामानात हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम निघाला. त्यात घालायची एक कॅसेट मी मागवली. तिच्यावर खेळ नसतो, गाणी बांधायची सोय असते. आवाज चारच: दोन सुरांचे, एक खर्जाचा आणि एक नुसत्या खरखरीचा, त्यावर ताल धरायचा. नांदेडला ऑफिसातून आले की कुकर होईपर्यंत मी ते घेऊन बसते. घरात म्हणतात, "झालं आईचं टुंईटुंई सुरू."

थोरला दादा लातूरला टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा. काम करताना शीळ घालायचा. कुठल्या गाण्याची नाही, त्याची स्वतःची. मी शाळेत होते तेव्हापासून तीच. शीळ ऐकू आली की गिऱ्हाईक समजायचं, दुकान उघडं आहे.

गेल्या वर्षी त्याच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. स्वरयंत्र काढणार, श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे बोलणं जाणार आणि शीळही. मी रजा टाकून लातूर गाठलं.

"दादा, शीळ घाल. मी उतरवून घेते."

"खुळी हायस का? लोक फळं घेऊन येतात, तू डबडं घेऊन आलीस."

"फळं वहिनीकडे दिलीत. घाल."

दोन दिवस लागले. तिसऱ्या ओळीत तो एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचा, ते काही केल्या जमेना. "तिथं न्हाई, आधी दम घ्यायचा," तो म्हणायचा आणि पुन्हा घालायचा. शेवटी जमलं. इयरफोन लावून त्यानं ऐकलं. "हाव. हेच. माझी शिट्टी कोंडलीस की डब्यात," म्हणाला आणि खोकत हसला.

फोनवर का नाही घेतली, असं आता नांदेडला घरात सगळे विचारतात. फोन समोर धरला की त्याला हसू यायचं. शिवाय डब्यात होतीच, असं मला वाटत होतं.

ऑपरेशन झालं. दुकान बंद झालं. नवरात्रात मी डबडं घेऊन पुन्हा लातूरला गेले. खंडेनवमीला दादाकडे सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडतात. त्या सकाळी अंघोळ करून बाहेर आले, तर डाग द्यायची इस्तरी, मीटर, पेचकस यांच्या रांगेत माझा गेम. हळदीकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल.

"ताई, पहाटेपासून ह्याच्याच मागं आहेत," वहिनी म्हणाली. "ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा हत्यार हातात धरलं बघा."

दादानं वही पुढं केली. 'कॅसेटमधला सेल मरायला आलता. नवा टाकला. आता दहा वर्षं बघू नको.'

त्या कॅसेटमधलं सगळं त्या नाण्याएवढ्या सेलवर टिकून असतं. सेल काढला की सगळं पुसलं जातं. दादाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. सेल बदलून कुठल्या रेडिओचं काही बिघडलं नव्हतं, आणि खंडेनवमीला घरातले जुने सेल बदलायचे हा त्याचा जन्माचा नेम. ऑफिसात येईल त्याच्याकडून दोन-दोन झेरॉक्स मागणाऱ्या मी मात्र एक प्रत काढून ठेवली नव्हती.

'वाजव,' त्यानं लिहिलं.

"पूजा होऊ दे," मी म्हणाले आणि पूजा झाल्यावर आतल्या खोलीत बसून आठवेल तशी शीळ पुन्हा बांधली. मग त्याच्या कानाला इयरफोन लावले. तिसऱ्या ओळीला त्यानं बोट वर केलं. 'इथं चुकलं. आधी बरोबर होतं.'

"कसं ते दाखव."

त्यानं ओठांचा चंबू केला. गळ्यावरचं फडकं हललं, बस. मग टेबलावर बोट आपटून दाखवलं. बोटानं ताल कळतो, सूर कळत नाही.

"राहू द्या ना ताई," वहिनी म्हणाली.

सेलचं मी त्याला सांगितलेलं नाही. दर महिन्याला तिसरी ओळ नव्यानं बांधते आणि लातूरला नेते. तो ऐकतो आणि बोट वर करतो. गेल्या खेपेला बोट वर झालं नाही. त्यानं वही ओढली आणि लिहिलं, 'हाव. हेच.'

पडद्यावर तेव्हा दुसरी ओळच चालू होती, तिसरी अजून यायची होती.