जिना, केळ आणि पाठक मॅडम

आमच्या मराठी विभागात दोन तासांच्या मध्ये चहा होतो आणि चहाबरोबर एखादा किस्सा. 'कोणाला सांगू नका' म्हटलं की तो दुपारपर्यंत ग्रंथालयात आणि संध्याकाळपर्यंत कॅन्टीनमध्ये पोचलेला असतो. असे बरेच साचलेत. त्यातल्या निम्म्यांच्या मुळाशी एकच कविता आहे.

नांदेडच्या या कॉलेजात मी सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे दर जूनला नवा अर्ज आणि नवी धाकधूक. विभागप्रमुख पाठक मॅडम. त्यांची पीएच.डी. एका नवकवीवर आणि त्याचीच जिन्याची कविता अभ्यासक्रमात! तीन पानं तो गृहस्थ जिना उतरतो. त्या कवितेत स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही आणि तळमजलाही नाही.

मी जिना उतरतो
जिना माझ्यात उतरतो
पायरी पायरीला विचारते
खाली कुठे आहे

मॅडमना तिन्ही पानं तोंडपाठ. माझं मात्र ती कविता शिकवताना डोकं उठायचं.

*

द्वितीय वर्षाला अर्धापूरची वैष्णवी होती. घरची केळीची बाग. कविता सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं हात वर केला.

"सर, ह्यो माणूस खाली कवा पोचणार हाय?"

मी म्हणालो, ही अस्तित्वाची घालमेल आहे.

"मंग ती घरी बसून करावी की. जिन्यात कशाला?"

त्याच दुपारी पाठकोऱ्या कागदावर मी लिहून टाकलं:

मी केळ सोलतो
केळ मला सोलतं
साल सालीला विचारते
आत कोण आहे

लई दिवसांनी बरं वाटलं.

*

कागद पहिल्यांदा वाचला गुणवंत सरांनी. सर मुखेडचे, नोकरी कायमची, त्यामुळे स्वभाव निर्धास्त. रोज एसटीनं येतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची कविता आणली. त्यात मुखेडची गाडी येते, मुखेडची गाडी जाते आणि कवी फलाटावर स्वतःच्याच आत चढतो.

"चढल्यावर जागा मिळाली का?" मी विचारलं.

"न्हाई ना. आत बी उभंच राहावं लागलं."

मग आमची चढाओढच लागली. परीक्षेच्या पर्यवेक्षणात मी पाण्याच्या टाकीवर कविता लिहिली, त्यांनी कुलरवर. पण सगळ्यांत गाजलं ते केळच. मी ते इतक्यांदा म्हणून दाखवलं की वर्गात मूळ कविता वाचताना पुस्तकावर बोट ठेवायला लागायचं, नाहीतर जिन्यात केळ शिरायचं.

*

विभागाच्या दारात एक पेटी आहे. मुलांनी कविता त्यात टाकायच्या आणि महिनाअखेरीला त्या भित्तिपत्रकावर लागायच्या. एके दिवशी पाहतो तर जिन्याच्या कवितेशेजारी केळ. नाव नाही. पेटीत कोणी टाकलं हे मी गुणवंत सरांच्या चेहऱ्यावर वाचलं.

प्राचार्य भौतिकशास्त्राचे. ते थांबले, दोन्ही वाचल्या आणि म्हणाले, "ही उजवीकडची कळली बरं का."

उजवीकडं केळ होतं.

मग पाठक मॅडम आल्या. पाच मिनिटं उभ्या राहिल्या. पर्समधून डायरी काढून त्यांनी चारही ओळी उतरवून घेतल्या आणि आत येऊन विचारलं, "कुणाची आहे?"

गुणवंत सर म्हणाले, "नवकवितेत कवी नसतोच ना मॅडम."

जूनच्या अर्जासाठी माझ्याविरुद्ध पुरावा तयार झाला, एवढंच मला कळलं.

*

चाचणी परीक्षेत एका मुलानं लिहिलं, 'कवीच्या उत्तरकाळात जिन्याची जागा केळ घेते.' खाली अवतरण म्हणून माझ्या चारही ओळी.

गुणवंत सर म्हणाले, "काय करायलेत कदम सर? द्या पूर्ण मार्क. तुमचा पहिला अभ्यासक हाय तो."

मी शून्य दिलं. उत्तरपत्रिका मॅडमच्या सहीला गेल्या. परत आल्या तेव्हा शून्य खोडून दोन केले होते. शेजारी लाल शाईत शेरा होता: 'पाठांतर चांगले.'

त्यावर मी आठवडाभर नीट जेवलो नाही.

*

आणि त्याच वर्षी कायमची जागा निघाली. मुलाखत लातूरला, संस्थेच्या कार्यालयात. चाकूरहून आई-वडील सोबत आले आणि कार्यालयासमोरच्या लिंबाखाली बसून राहिले. वडील एवढंच म्हणाले, "सात वर्ष झाले बाबा. आता होऊन जाऊ दे."

आत चौघं. मधोमध बाहेरगावचे विषयतज्ज्ञ आणि कडेला पाठक मॅडम, पुढ्यात तीच डायरी.

सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. मग तज्ज्ञांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "ती जिन्याची कविता शिकवता ना? थोडी म्हणून दाखवा. आवाजात कळते ती."

पुस्तक नव्हतं, त्यामुळे बोट ठेवायला जागाच नव्हती. मी सुरू केलं.

"मी जिना उतरतो... जिना माझ्यात उतरतो... साल सालीला विचारते..."

मूळ ओळ काही केल्या आठवेना. खिडकीतून लिंबाखालचे वडील दिसत होते.

पाठक मॅडमनी डायरी मिटली.

"आत कोण आहे," त्या शांतपणे म्हणाल्या.

"वा," तज्ज्ञ डोळे न उघडता म्हणाले. "काय ओळ आहे."

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "मूळ संहितेतली आहे. कदम, पुढं म्हणा."